गुडघा दुखतो, पण दोष बहुधा खुब्याचा: हाडं, सांधे आणि हालचालींची नावं कशी शिकावीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. योगशिक्षक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतलाय, आधीचं शिक्षण वाणिज्य शाखेचं, आणि शरीररचनेचा पेपर डोक्यावरून जातोय. 206 हाडं पाठ करायचीच का? फ्लेक्शन, एक्स्टेन्शन, ॲब्डक्शन, रोटेशन यांचा घोळ कसा सोडवायचा? आणि जाता जाता विचारलेलं तिसरं: पद्मासनात उजवा गुडघा आतल्या बाजूने दुखतो, शिक्षक म्हणतात सरावाने जाईल, ते खरं का?

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि योगशिक्षक होऊ पाहणाऱ्यांना हाच विषय शिकवते. तिसऱ्याचं उत्तर आधी देऊन टाकते. सरावाने जाईल असं धरून चालू नका, आणि दुखणं थांबेपर्यंत पद्मासन बंद ठेवा. असं का, ते पहिल्या दोन प्रश्नांतून गेलात की तुमचं तुम्हालाच सांगता येईल. म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

हाडांपासून सुरुवात. 206 नावं एकेक करून घोकायची गरज नाही, कारण त्यातली बरीचशी जोडीने येतात. प्रौढ सांगाड्याचे दोन भाग करतात: मधला कणा-कवटी-छातीचा भाग 80 हाडांचा, आणि हातापायांचा, त्यांना धडाशी जोडणाऱ्या हाडांसह, 126 हाडांचा. एका हातात दंडापासून बोटांच्या टोकापर्यंत 30 हाडं. दंडात एक, कोपराखाली दोन, मनगटात 8, तळहातात 5, बोटांत 14 (अंगठ्यात दोन, बाकीच्या बोटांत तीन-तीन). पायातही 30च. मांडीत एक, गुडघ्याची वाटी एक, नडगीच्या भागात दोन, घोटा-टाचेच्या भागात 7, तळपायात 5, बोटांत 14. मनगटात एक हाड जास्त आणि पायात वाटी जास्त, म्हणून बेरीज सारखी. हे एकदा कागदावर मांडलंत की 120 हाडं झाली. खांद्यांची चार (प्रत्येक बाजूला हासळी आणि खवाटा) आणि कमरेची दोन मिळवली की 126.

मधल्या 80मध्ये कवटी आणि चेहऱ्याची 22, दोन्ही कानांतली मिळून 6, बरगड्या 24, छातीचं मधलं हाड एक, जिभेच्या मुळाशी असलेलं हायॉइड एक, आणि कण्याची 26. हायॉइड दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांधलेलं नसतं, स्नायू आणि अस्थिबंधांनी टांगलेलं असतं. परीक्षकांना हा प्रश्न फार आवडतो, म्हणून सांगून ठेवते. कण्यात मानेचे 7 मणके, पाठीचे 12, कमरेचे 5, मग पाच मणके जुळून झालेली त्रिकास्थी आणि सर्वांत खाली माकडहाड.

हा 206चा आकडाही फार पवित्र मानू नका. नवजात बाळात साधारण 270 ते 300 वेगवेगळे अस्थिखंड असतात आणि वाढताना ते जुळत जातात. हासळीचं छातीकडचं टोक तर पंचविशीच्या आसपास पूर्ण जुळतं. अंगठ्याच्या मुळाशी वाटाण्याएवढी बारीक हाडं असतात, ती 206मध्ये धरत नाहीत, पण गुडघ्याची वाटी त्याच जातीची असून धरतात. सुश्रुतसंहितेत हाडं 300 सांगितली आहेत आणि चरकसंहितेत 360. वर्गात कुणीतरी दरवर्षी विचारतं की मग खरं कोण? त्यांनी दात हाडांत धरले, चरकाने नखंही धरली, सुश्रुताने कूर्चांना, म्हणजे नाका-कानातल्यासारख्या लवचिक मऊ हाडांना, ‘तरुण’ अस्थी म्हणून मोजलं. काय मोजायचं हे बदललं की बेरीज बदलणारच.

सुश्रुताचं सांध्यांचं वर्गीकरण मात्र तुम्ही आवर्जून वाचा, कारण ते आकारावरून केलेलं आहे आणि आपल्याला तेच हवंय. त्याने आठ प्रकार सांगितले. काखेतला आणि जांघेतला सांधा ‘उलूखल’, म्हणजे उखळ. बोटं, मनगट, कोपर, गुडघा, घोटा हे ‘कोर’. कवटीच्या हाडांमधला ‘तुन्नसेवनी’, म्हणजे शिवण घातलेला. आजच्या पुस्तकात याच क्रमाने बॉल-अँड-सॉकेट, हिंज (बिजागरी) आणि सूचर अशी नावं दिसतील. सांध्याचा आकार पाहिला की त्याची हालचाल बरीचशी आपोआप कळते. उखळीतलं गोल टोक सगळ्या दिशांना फिरू शकतं. बिजागरी एकाच दिशेने उघडते आणि मिटते. पुढे जे काही सांगणार आहे ते याच एका गोष्टीवर उभं आहे.

आता हालचालींची नावं. विद्यार्थी अडकतात कारण ते हालचाल अवयवाला चिकटवतात. ‘हात वर केला’, ‘पाय वाकवला’ यातून शरीररचनेत काहीच कळत नाही. हालचाल नेहमी सांध्याची असते. वाक्य असंच बनवायची सवय लावा: अमुक सांध्यात, अमुक हालचाल. ‘पाय वाकवला’ म्हणजे खुब्यात फ्लेक्शन, गुडघ्यात फ्लेक्शन, की दोन्ही? हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजमापाचं शून्य. सरळ उभं राहायचं, नजर समोर, पावलं समोर, हात बाजूला आणि तळवे पुढे. तळवे पुढे हे महत्त्वाचं. ताडासनात हात मांडीला लागून असतात, तळवे आत वळलेले असतात, म्हणून ताडासन म्हणजेच शरीररचनेची मूळ स्थिती असं काही वहीत लिहिलेलं असतं ते दुरुस्त करा. मूळ स्थितीत अंगठा बाहेरच्या बाजूला येतो. झोपलेल्या माणसाचं वर्णन करतानाही तो असाच उभा आहे असं धरूनच करायचं. त्यामुळे शवासनातही डोकं ‘वर’ आणि पाय ‘खाली’.

या शून्यापासून तीन पातळ्यांत हालचाल होते. पुढे-मागे झाली तर फ्लेक्शन (वाकणं) आणि एक्स्टेन्शन (सरळ होणं किंवा मागे जाणं). बाजूला झाली तर ॲब्डक्शन (मध्यरेषेपासून दूर) आणि ॲडक्शन (मध्यरेषेकडे). हाड स्वतःभोवती फिरलं तर रोटेशन, आत किंवा बाहेर. बोटांसाठी मध्यरेषा शरीराची नसते. हातात मधलं बोट मध्य धरतात आणि पायात अंगठ्याशेजारचं बोट. इतकं पाठ असलं की बहुतेक गुण हातात आले. गोंधळ होतो तो अपवादांत, आणि ते अपवाद मी जरा सविस्तर सांगते.

पहिला अपवाद गुडघ्याचा. कोपर वाकलं की हाताचा पंजा पुढे येतो, गुडघा वाकला की पाऊल मागे जातं, तरी दोन्हीला फ्लेक्शनच म्हणतात. कारण गर्भात आहे. सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास हाताचे कोंब बाहेरच्या दिशेने आणि पायाचे कोंब आतल्या दिशेने साधारण 90 अंशांनी वळतात. म्हणून कोपराचं टोक मागे आणि गुडघ्याची वाटी पुढे. एकमेकांना जुळणाऱ्या बाजू उलट दिशांना तोंड करून बसल्या, नावं मात्र तीच राहिली. हे कळलं की पाठ करावं लागत नाही.

दुसरा खांद्याचा. हात समोरून डोक्यावर नेला की ते खांद्याचं फ्लेक्शन आहे. पर्वतासनात विद्यार्थी हमखास ‘खांदे एक्स्टेंड’ लिहितात, कारण हात लांब ताणलेला दिसतो. कोपर ताठ आहे म्हणून कोपरात एक्स्टेन्शन, बरोबर. पण खांदा जवळजवळ पूर्ण फ्लेक्शनमध्ये आहे.

तिसरा कोपराखालच्या भागाचा. तळवा उताणा करणं सुपिनेशन, पालथा करणं प्रोनेशन. यात कोपराची बिजागरी फिरत नाही. अंगठ्याच्या बाजूचं हाड, रेडियस, करंगळीच्या बाजूच्या अल्नावरून आडवं जातं. स्वतःच्या हातावर करून बघा: कोपर कमरेला टेकवा, तळवा उताणा-पालथा करा, दुसऱ्या हाताने मनगटाजवळ दोन्ही हाडं धरा. एक दुसऱ्यावरून सरकताना जाणवतं. कोपर कमरेला टेकवायला विसरलात तर खांदाही फिरेल आणि दोन हालचाली एकात मिसळतील.

हाताच्या अंगठ्याचाही वेगळा कायदा आहे. त्याची पातळी बाकीच्या बोटांना काटकोनात असते, म्हणून त्याचं फ्लेक्शन तळहातावरून आडवं आणि ॲब्डक्शन तळहातापासून सरळ समोर. पावलाला फ्लेक्शन-एक्स्टेन्शन शब्द टाळतात. पाऊल नडगीकडे वर ओढणं डॉर्सिफ्लेक्शन, खाली ताणणं प्लँटार फ्लेक्शन. तळपाय आत वळणं इन्व्हर्शन, बाहेर वळणं एव्हर्शन, आणि ही दोन मुख्यतः घोट्याच्या खालच्या सांध्यात होतात, घोट्यात नाही. पाय मुरगळतो तो बहुतेक वेळा आत, इन्व्हर्शनमध्ये, आणि पाऊल खाली ताणलेलं असताना. घोट्यातलं टेलस हे हाड पुढे रुंद, मागे अरुंद असतं. पाऊल खाली ताणलं की अरुंद भाग खोबणीत येतो आणि सांधा सैल पडतो. जिना उतरताना पाय मुरगळायचं हे एक कारण.

रोटेशनला सगळेच अडखळतात, आणि तुमच्या गुडघ्याची गोष्ट इथूनच सुरू होते. पालथं झोपा, गुडघा काटकोनात वाकवा, नडगी छताकडे. आता नडगी बाहेरच्या बाजूला पडू द्या. मांडीचं हाड कुठे फिरलं? आत. नडगी बाहेर गेली आणि खुब्यात इंटर्नल रोटेशन झालं. नडगी दुसऱ्या पायाकडे पडू दिली की एक्स्टर्नल रोटेशन. नडगी हा नुसता काटा आहे, मोजायचं ते मांडीच्या हाडाचं फिरणं. मांडीवर पेनने पुढच्या बाजूला एक रेघ ओढून ठेवली की रेघ कुठे वळते ते सरळ दिसतं. हा प्रयोग मी पहिल्याच तासाला करून घेते.

कण्याबद्दल थोडं, कारण योगवर्गात त्याबाबत फार सैल बोललं जातं. ‘कंबरेतून पीळ द्या’ ही सूचना मला खटकते. कमरेच्या मणक्यांचे मागचे छोटे सांधे पुढे-मागे वाकण्यासाठी लावलेले आहेत, त्यांच्या पृष्ठभागांची दिशाच पीळ अडवते. पाचही मणके मिळून एका बाजूला मोजकेच अंश फिरतात. अर्धमत्स्येंद्रासनातला पीळ मुख्यतः पाठीच्या 12 मणक्यांत आणि मानेत होतो, शिवाय खुबे त्यात वाटा उचलतात. मानेतलं निम्मं फिरणं तर एकट्या पहिल्या दोन मणक्यांमध्ये आहे. पहिला, ॲटलस, कडीसारखा, आणि दुसऱ्याचा, ॲक्सिसचा, खुंटा त्यात उभा. ‘नाही’ म्हणताना मान हलते ती तिथे. ‘हो’ म्हणताना कवटी आणि ॲटलस यांच्यामधला सांधा चालतो.

खांद्याचंही तसंच. हात बाजूने पूर्ण 180 अंश वर जातो, पण त्यातले साधारण 120 अंशच उखळीच्या सांध्यातले. बाकीचे 60 खवाटा बरगड्यांवरून वर फिरल्यामुळे मिळतात. हे दोनास एक प्रमाण इनमन आणि सहकाऱ्यांनी 1944 साली मांडलं, आणि नेमक्या आकड्यांत माणसागणिक फरक पडत असला तरी शिकवायला ते आजही उपयोगी आहे. म्हणून हात वर नेताना ‘खांदे खाली दाबून ठेवा’ असं सरसकट सांगू नका. खवाटा फिरायलाच हवा.

सरावासाठी सूर्यनमस्कार घ्या. बारा स्थिती तुमच्या अंगवळणी आहेतच. प्रत्येक स्थितीत थांबून खांदा, कोपर, कणा, खुबा, गुडघा, घोटा अशी सहा नावं मोठ्याने म्हणा. हस्तपादासनात खुबा फ्लेक्शन, गुडघा एक्स्टेन्शन, कणा फ्लेक्शन. इथे थोडं थांबून विचार करा की वाकणं नक्की कुठे होतंय. मांडीमागचे स्नायू बसण्याच्या हाडापासून निघून गुडघ्याखाली जातात, म्हणजे ते दोन सांधे ओलांडतात. गुडघा वाकलेला असेल तर खुबा साधारण 120 अंश वाकतो. गुडघा ताठ ठेवला की हे स्नायू ताणले जाऊन बऱ्याच जणांचा खुबा त्याआधी, 80-90 अंशांवर अडतो. उरलेलं वाकणं मग कंबर करते. गुडघे किंचित सैल करायला सांगितलं की कमरेवरचा ताण लगेच कमी होतो, ते याचमुळे.

अश्वसंचलनासनात दोन्ही पाय वेगळे लिहा. पुढच्या पायाचा खुबा आणि गुडघा फ्लेक्शन, घोटा डॉर्सिफ्लेक्शन. मागच्या पायाचा खुबा एक्स्टेन्शन. भुजंगासनात कणा आणि खुबा एक्स्टेन्शन, घोटा प्लँटार फ्लेक्शन. आणि अष्टांगनमस्कारासाठी छाती खाली आणताना एक गंमत आहे. कोपर वाकतं, हालचाल फ्लेक्शनची. काम मात्र दंडामागचा ट्रायसेप्स करतो, जो कोपर सरळ करणारा स्नायू आहे. गुरुत्वाकर्षण कोपर वाकवतं आणि ट्रायसेप्स लांबत लांबत त्याला आवरतो, नाहीतर तुम्ही दाणकन आपटाल. हालचालीच्या नावावरून सांध्यात काय झालं एवढंच कळतं, कोणता स्नायू राबला ते त्यातून ठरत नाही. तोंडी परीक्षेत हे नीट सांगितलंत तर परीक्षक पुढचा प्रश्न जरा प्रेमाने विचारतात.

आता पद्मासन. यात खुब्याला एकाच वेळी फ्लेक्शन, ॲब्डक्शन आणि बरंच एक्स्टर्नल रोटेशन करावं लागतं. गुडघ्याचं काम फक्त वाकण्याचं. गुडघा मुळात बिजागरी. ताठ असताना त्यात फिरणं जवळजवळ नसतं, वाकल्यावर नडगी थोडीशी फिरू शकते. खुबा पुरेसा बाहेर वळला तर पाऊल सहज समोरच्या मांडीवर येतं. खुबा अडला आणि तुम्ही पाऊल हाताने ओढून वर आणलंत, तर उरलेलं वळण गुडघ्याला द्यावं लागतं. मग गुडघ्याची आतली बाजू चिमटते, बाहेरची ताणली जाते. आतल्या बाजूला गादीसारखी कूर्चा, मेनिस्कस, असते आणि दाब तिच्यावर येतो. तुमचं दुखणं नेमकं आतल्या बाजूला आहे हे या चित्राशी जुळतं. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, पण खुबा तपासायलाच हवा इतकं नक्की.

मघाचा पालथं झोपून करायचा प्रयोग दोन्ही पायांवर करा. डावी नडगी उजव्या पायाकडे जितकी पडते, त्यापेक्षा उजवी डाव्या पायाकडे कमी पडते का, ते पाहा. कमी पडत असेल तर उजव्या खुब्याचं बाहेर वळणं कमी आहे. स्नायू आणि सांध्याभोवतीचं वेष्टन आखडल्यामुळे असेल तर ते हळूहळू सुटतं. पण कारण हाडातही असू शकतं. मांडीच्या हाडाची मान सरळ बाजूला नसते, किंचित पुढे वळलेली असते. जन्माच्या वेळी हा कोन साधारण 30 ते 40 अंश असतो, प्रौढपणी सरासरी 10 ते 15 पर्यंत उतरतो. ज्यांचा कोन मोठाच राहतो त्यांना पाय आत वळवणं सोपं जातं आणि बाहेर वळवणं अवघड. अशा माणसाचा खुबा हाड हाडाला भिडून थांबतो, आणि तिथे कितीही वर्षं ताण दिला तरी हाड वळत नाही. वर्गातली एखादी मुलगी पहिल्याच दिवशी पद्मासन घालते आणि दुसरा दहा वर्षं धडपडतो, यात निष्ठेचा संबंध कमी आणि हाडांच्या ठेवणीचा जास्त असतो. शिक्षकांशी वाद घालायची गरज नाही. ‘माझं उजव्या खुब्याचं एक्स्टर्नल रोटेशन कमी आहे’ असं सांगा. सांधा आणि हालचाल दोन्ही त्या वाक्यात आहेत, त्यांना समजेल.

तोवर घडी घातलेल्या जाड चादरीवर बसून सुखासन करा. बैठक उंच झाली की खुब्याला वाकणं कमी लागतं आणि कंबर गोल होत नाही. गुडघे जमिनीपासून अधांतरी राहिले तर खाली उशा द्या. कुणालाही वरून गुडघा दाबू देऊ नका, तुम्ही शिक्षक झाल्यावर दुसऱ्याचाही दाबू नका. खुब्यासाठी पाठीवर झोपून उजवा घोटा डाव्या मांडीवर ठेवा आणि डावी मांडी दोन्ही हातांनी छातीकडे घ्या. ताण नितंबात जाणवला पाहिजे. गुडघ्यात जाणवला तर पाय लगेच सोडवा. वज्रासनाने गुडघा सुधारेल या समजुतीने त्यात बसून राहू नका, तिथे गुडघा पूर्ण वाकलेला असतो आणि दुखऱ्या मेनिस्कसला ते सोसेलच असं नाही.

गुडघ्याला सूज असेल, मध्येच अडकत असेल, पूर्ण सरळ होत नसेल किंवा चालताना दगा देत असेल, तर हे सगळं बाजूला ठेवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवा. जाताना कोणत्या आसनात, कोणत्या बाजूला आणि किती वेळाने दुखतं ते लिहून न्या.